डाव्या भुवईवरची खूण

प्रिय अप्पा,

चार वाजता पुण्याहून टेंपो येणार आहे तुमचं चित्र न्यायला, आणि आई माझ्या छपाईच्या शेडच्या दारात बसली आहे. नेऊ देणार नाही म्हणते. आत्ता अडीच झालेत. आमच्या दोघींचं भांडण सोडवायला तुम्ही नाही, म्हणून हे लिहितेय.

तुम्ही गेल्यावर पेपरात तुमचा फोटो आला होता, निधनवार्तेत, टिकलीएवढा. भिंगातून पाहिला तर तुम्ही कुठेच नव्हता, नुसते काळे ठिपके. उरवड्याच्या कारखान्यात खोक्यांवर छपाई करताना तुम्ही जन्मभर हेच पाहिलंत ना? मग ठरवलं, तेच ठिपके दाराएवढ्या फळीवर कोरायचे आणि कागदावर छापायचे. जवळून ठिपके, लांबून माणूस. चार महिने मी दुसरं काही केलं नाही. शाईच्या वासाने आईचं डोकं उठतं, त्यामुळे ती आत येतच नव्हती.

खरं सांगू? त्यात थोडा रागही होता. माझं पहिलं छापचित्र दाखवलं, तेव्हा तुम्ही खिशातलं भिंग काढून कागदावर वाकलात. "हितं शाई फुटलीया," म्हणालात आणि जेवायला गेलात. दोन पावलं मागे सरून चित्र बघावंसं नाही वाटलं तुम्हाला? वर्षभर मी तुम्हाला काही दाखवलं नाही.

आज सकाळी पहिला छाप काढून भिंतीला लावला. आई दारातूनच म्हणाली, "ह्ये त्ये न्हाईत."

मी चिडले. मग पाहिलं. पत्रा लागून तुमच्या डाव्या भुवईवर झालेली खूण कागदावर उजव्या भुवईवर गेली होती. फळीवर चित्र उलटं कोरलं तरच कागदावर सुलटं येतं, हे मी वर्गात मुलांना पहिल्या दिवशी शिकवते! आणि स्वतः चार महिने तुमच्या चेहऱ्यावर वाकून बसले, पण ठिपक्यांपलीकडे पाहिलंच नाही. तुमचीच लेक मी.

"कुणाला कळणार आहे?" मी आईला म्हटलं. तोंडातून गेलं, अप्पा.

"मला कळतंय की. म्हैनाभर हळद लावलीया मी तितं." आणि तिथेच दारात बसली.

पुण्यातलं प्रदर्शन परवा आहे. नवी फळी कोरायला वेळ नाही आणि चित्र नाही गेलं, तर माझी भिंत दुसऱ्या कुणाला देतील. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळालीय.

पुढचं टेंपो गेल्यावर लिहितेय.

चारच्या सुमाराला आई उठून आत आली. भिंतीकडे न बघता टेबलाशी गेली. तिथे फळी सकाळच्या शाईसकट पडली होती. बराच वेळ ती वाकून बघत राहिली, मग तिने बोट टेकवलं. डाव्या भुवईवर. मी सरळ कोरल्यामुळे फळीवर तुम्ही बरोबर होता. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ह्ये हायेत की," ती म्हणाली. बोटाची शाई तिने पुसली नाही.

बाहेर हॉर्न वाजला.

"त्यो भिंतीवरचा परका माणूस जाऊ दे पुण्याला," ती म्हणाली. "ह्ये हितं ऱ्हातील."

चित्र गेलं. खाली तुमचं नाव लिहिलं नाही. फळी आईने आपल्या खाटेसमोर उभी करून घेतली आहे.

अशा एका फळीवरून वीस छाप सहज निघतात, लोक मागतीलही. पण हिच्यावर मी पुन्हा शाई चढवणार नाही, अप्पा. शब्द देते.

तुमची,
सुमी