पांढराशुभ्र स्पंज

गुरुग्राम, बुधवार, संध्याकाळ

सोसायटीतल्या बंधुभगिनींनो, आपलं सगळ्यांचं दुखणं एकच, नळाचं पाणी! छे, डायरीतही भाषणच सुरू झालं. आजच्या मीटिंगमध्ये मी असाच गरजलो. "या पाण्यानं माझ्या मुलीचे मासे मरताहेत!" टाळ्या पडल्या.

पण मुक्ताचे मासे समुद्रातले, ते नळाच्या पाण्यात नाहीतच. ती शुद्ध पाणी विकत आणून त्यात समुद्री मीठ कालवते. तरी दोन दिवस टाकी ताकासारखी गढूळ आहे आणि दोन्ही नारिंगी मासे वर येऊन धापा टाकताहेत.

आणि तो स्पंज. रविवारी पाहुणे येणार म्हणून मीच फिल्टरमधून काढला, नळाखाली खसाखसा घासला. कसला पांढराशुभ्र निघाला!

मीटिंगहून आलो तर मुक्ता म्हणाली, "मीठच खराब असणार. बाबा, फिल्टरचा स्पंज कोणी धुतला नाही ना? त्यातले जिवाणूच पाणी साफ ठेवतात. ते मेले असतील तर मी आत्ताच मैत्रिणीच्या टाकीतला जुना स्पंज आणून लावते."

"मला काय माहीत?"

हे मी म्हणालो! भल्याभल्यांना भर सभेत जाब विचारणारा मी. मुलगी रागावेल म्हणून? की टाळ्या परत कराव्या लागतील म्हणून?

उद्या ती मीठ बदलेल. पांढरा स्पंज आत तसाच राहील आणि मासे जातील.

पेन ठेव, वक्ते महाशय. तिच्या खोलीत जा आणि सांग, स्पंज मी धुतला.