बाबांच्या हातांचा रंग

मंगळवार, ९ मार्च

ती. बाबा,

नमस्कार. हे पत्र आधी एकट्याने वाचा. आईला दाखवायचं की नाही ते मग तुम्ही ठरवा.

मी बरी आहे. पार्लरमध्ये सध्या मान वर करायला फुरसत नाही. काल एक नवरी आली होती, दोन्ही गालांवर वांग, आणि सोबत तिची मावशी, मला माझं काम शिकवायला. काळ्या डागांवर मी आधी नारिंगी थर दिला तेव्हा मावशी किंचाळायच्याच बाकी होत्या. वर नवरीच्या रंगाचा हात फिरवला आणि त्या वाकून बघायला लागल्या. जाताना म्हणाल्या, "अगं, डाग गेले कुठे?" जाणार कुठे, खालीच होते. पण हे नवरीच्या मावशीला सांगायचं नसतं.

हे फोनवरही सांगता आलं असतं म्हणा. पण हल्ली मी फोन केला की तुम्ही "बरं आहे, बरं आहे" करत तो आईकडे देऊन टाकता. माझ्या होणाऱ्या सासरची मंडळी आपल्याकडे येऊन गेली, त्या दिवसापासून. का, ते मला ठाऊक आहे.

आईने परवा सांगितलं. डाग झाकायला माझ्याकडे असते तीच रंगाची ट्यूब तुम्ही दुकानातून आणलीत. रोज सकाळी आरशासमोर बसून हात, मान, ओठांच्या कडा रंगवता, वर पावडर थापता. आणि तो रंग जाऊ नये म्हणून पाण्यात उतरत नाही. पोहण्याच्या तलावाच्या काठावर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून नुसती शिट्टी वाजवता आणि नव्या पोरांना दुसऱ्या सरांच्या हवाली करता. आईने विचारलं तर म्हणालात, "लग्नापर्यंत हात बसायला नको का?" आई हे हसत सांगत होती. मी घाईचं निमित्त काढून फोन ठेवला.

अहो, पाण्याला भिणारं प्रत्येक पोर तुम्ही तुमच्या पाठीवर घेऊन तर पोहायला शिकवलंत! "माझ्या पाठीवर मासा कुठे आहे शोध बघू," म्हणायचात. ते तुमच्या कोडाच्या डागांत मासा शोधत बसायचं आणि आपण खोल पाण्यात आलोय हे विसरून जायचं. एखाद्या आईने दबकत विचारलं की "सर, हे पसरतं का हो?", तर तुम्ही सांगायचात, "पसरतं ना, पण माझ्याच अंगावर." सगळा तलाव हसायचा. अशा माणसाला मी खुर्चीत बसवून रंग लावला.

त्या दिवशी तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत. मी म्हटलं, "बाबा, फोटो निघतील, जरा हात द्या," आणि तुम्ही दिलेत. दोन रंग मिसळून तुमचा नेमका रंग जमवायला मला बराच वेळ लागला. तोवर तुम्ही पोराटोरांसारखे बोटं पसरून बसला होतात. मान आणि ओठांच्या कडाही मी झाकल्या. मग पाहुणे आले. तुम्ही चहाला हात लावला नाहीत, कपाला रंग लागेल म्हणून. त्यांच्या नातीने पांढऱ्या फ्रॉकमध्ये तुमच्या मांडीवर उडी घेतली तेव्हा कुणी पिस्तूल रोखल्यासारखे दोन्ही हात वर करून बसलात. ती घसरायला लागली तरी धरलं नाहीत. सगळे हसले. बाबा, मीही हसले. ते हसू अजून माझ्या तोंडात कडू लागतंय.

ते गेल्यावर तुम्ही बेसिनपाशी हात धूत होतात. पाणी तपकिरी होत होतं. मी टॉवेल घेऊन मागे उभी. तुम्ही म्हणालात, "रंग फक्कड बसला होता हं. कसब आहे तुझ्या हातात." चिडला असतात तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही कौतुक केलंत, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी स्वतःची समजूत घातली होती की तुम्हाला कुणी वेडंवाकडं बोलू नये म्हणून हे केलं. साफ खोटं. तुमचे हात बघून त्यांनी माझ्याकडे निरखून बघू नये, म्हणून केलं.

कारण मलाही आलंय, बाबा. आधी कमरेवर एक ठिपका होता. मग उजव्या गुडघ्यावर आला, आता तो तळहाताएवढा आहे. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलंय, तेच आहे. मलम दिलंय, बघू म्हणाल्या. घरात कुणालाच माहीत नाही, माझ्या होणाऱ्या नवऱ्यालाही नाही. रोज सकाळी दार लावून मी गुडघा रंगवते. जगभरच्या नवरी मुलींना "तू आहेस तशी छान दिसतेस" म्हणणारी मी, स्वतःचा गुडघा स्वतःला बघवत नाही मला. आणि हे वाचून "माझ्यामुळे झालं" असं मनातसुद्धा आणू नका. तुमच्याकडून अंगावर काय आलं त्याची लाज नाही वाटत आता. मी तुम्हाला काय शिकवलं, त्याची वाटते. साठी उलटेपर्यंत जे तुम्हाला येत नव्हतं, ते लपणं मी एका दुपारी शिकवलं.

होणाऱ्या नवऱ्याला आज संध्याकाळी सांगणार आहे. काय म्हणेल, देव जाणे. त्याच्या आईची बोलायची पद्धत तुम्ही ऐकलीच आहे, तेव्हा लग्न मोडूही शकतं. मोडलं तर आईला तुम्ही सांभाळा, मला तिचं रडणं झेपणार नाही. पण त्याचं उत्तर यायची वाट बघून मग तुम्हाला लिहावं, असं मनात आलं आणि माझाच राग आला. म्हणून आधी हे पत्र टाकतेय.

येत्या रविवारी मी घरी येतेय. सकाळच्या पहिल्या बॅचला तुम्ही काही न लावता पाण्यात उतरा. माझ्यासाठी नको, त्या पोरांसाठी उतरा. मीही येईन, गुडघे उघडे टाकून. पोहणं मला येतं, ते तुम्ही शिकवलंय. कपडे बदलायच्या खोलीपासून पाण्यापर्यंत, सगळे बघत असताना कसं चालत जायचं, तेवढं शिकायचं राहिलंय. तेवढं शिकवाल ना?

तुमची, आणि तुमच्यासारखीच,
थोरली