आईच्या खोलीचा निळा

३ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईच्या डोळ्याची पट्टी निघाली. मोतीबिंदू छान निघाला, पुढच्या महिन्यात दुसरा डोळा करू, असं डॉक्टर म्हणाले. इथवर सगळं गोड. घरी आली, आपल्या खोलीत पाऊल टाकलं आणि दारातच थबकली. हा भडक निळा कोणी फासला, म्हणून मलाच विचारते! अरे, हिनेच तर निवडला होता. मी फिका दाखवला, तर म्हणाली हा निळा कसला, हा मळका पांढरा. शेडकार्डावर बोट खाली खाली नेत जिथे थांबली, तो रंग बघून रंगाऱ्यानेही माझ्याकडे पाहिलं. पण जिने जन्मभर शिंप्याच्या दुकानात कापडाला दोरा जुळवला, तिला रंगातलं कोण शिकवणार? आपल्या घरात तिच्या बोटापुढे कोणी बोललंय का कधी?

आता म्हणते, मी थंडगार, डोळे निववणारा निळा सांगितला होता, तुम्ही उरलासुरला डबा ओतलात. बिचाऱ्या रंगाऱ्याने रिकामा डबा आणून वरचा नंबर दाखवला, तर म्हणे तुम्ही दोघं सामील आहात. डोकं फिरलंय माझं! तिने पिशवी भरून दाराशी ठेवलीये. परत एकटीच्या घरी जाणार, जिथे जिन्यात पडली तरी दुपारपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. तिला इथे आणायला मी किती नाकदुऱ्या काढल्या, तुला ठाऊक आहे. आणि आता एका भिंतीपायी निघाली.

लोभ आहेच, थोडी अक्कलही पाठव.
तुझी ठमी

९ मे

चि. ठमाबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसलो, मग तुझी वहिनी डाफरली म्हणून थांबलो. तिच्या वडिलांचंही असंच झालं होतं. ऑपरेशननंतर जुनाच शर्ट बघून, हा नवा कधी घेतला विचारत होते. पिकलेला मोतीबिंदू पिवळट असतो म्हणे, त्यातून निळा अगदी विटलेला दिसतो. आईने फिकाच मागितला आणि तिला हा गडदच फिका दिसला. खोटं कोणीच बोललेलं नाही.

पण हे तिला सांगू नकोस, बाई! नजर हाच तिचा सगळा मान. चूक रंगाऱ्याच्या माथी मार, भिंत फिकी करून घे आणि विषय संपव. गोडीगुलाबीने घे. तुझी जीभ म्हणजे कात्री, म्हणून आधीच बजावतो.

लोभ वाढव, आवाज वाढवू नकोस.
तुझा दादा

१५ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र टेबलावर पडलेलं होतं आणि तरी व्हायचं ते झालंच. लेकीने मला फसवलं, असं ती शेजारणीला सांगत होती. मी ऐकलं आणि माझं टाळकंच सटकलं. हाताला धरून तिला भिंतीसमोर उभी केली, नव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि म्हटलं, आता सांग कुठला रंग आहे. तिने पाहिलं. मग माझा हात स्वतःच दुसऱ्या डोळ्यावर नेला. पुन्हा पहिल्यावर. आणि जाऊन आपला दोऱ्यांचा डबा उघडला.

तेव्हापासून एकच चाललंय. दोऱ्यांच्या रिळांचा डबा घेऊन खिडकीत बसते, एकदा हा डोळा मिटते, एकदा तो. हिरवी आणि निळी रिळं एकाच कप्प्यात निघाली. जेवण नुसतं चिवडते. मला तिचा राग येतो आणि माझा त्याहून जास्त. मला जिंकायचं नव्हतं रे, मला ती इथे राहायला हवी होती.

आज तिने पाकीट आणि तुझा पत्ता मागितला. बहुतेक तुझ्याकडेच यायचं ठरवलंय. वहिनीला सांगून ठेव.

राग माझ्यावर काढ, तिच्यावर लोभ असू दे.
ठमी

१६ मे

चि. बाळास,
अ. उ. आ.

तुझं पत्र धाकटी टेबलावर विसरली, ते मी नव्या डोळ्याने वाचलं. अक्षर अजून गिचमिडच.

दुकान सुटण्याआधी काही वर्षं मालक मला रंगीत कापड देईनासे झाले होते. अस्तरं द्यायचे, उशांचे अभ्रे द्यायचे, सगळं पांढरं. मला वाटायचं, वयाकडे बघून हलकं काम देतात. देव त्यांचं भलं करो म्हणायचे मी! आता कळलं, माझे दोरे चुकत होते. शेजारच्या मशीनवालीला माहीत असणार, गिऱ्हाइकांनाही. सगळे गोड बोलले, एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. तेव्हाच कोणी सांगितलं असतं, तर तेव्हाच डोळे दाखवले असते आणि शेवटपर्यंत मानाने शिवलं असतं. फार संताप होतो रे.

तूही बहिणीला तेच शिकवतोस. तुझ्या मायेबद्दल शंका नाही. पण तुझ्याकडे आले, तर तुम्ही गुपचूप भिंती बदलाल आणि मी खूश होऊन बसेन. धाकटी फटकळ आहे, माझ्यावरच गेलीये. तिने डोळ्यावर हात ठेवून मला खरं दाखवलं. म्हणून मी हिच्याकडेच राहणार आहे.

भिंत तूर्त तशीच राहू दे, माझ्याच बोटाची आहे. दुसरा डोळा झाला की नवा निळा निवडू. मी चुकले तर ती ओरडेल, ते बरं.

माया ठेव, आणि ती तोंडावर बोलून दाखवत जा.
तुझी आई