बाण कुणीकडे

६ मे १९७४, सोमवार. सातारा.
दवाखान्यात लालासाहेबाला भेटलो. माझा जुना विद्यार्थी, रिटायर हवालदार. उजवा हात प्लास्टरमध्ये. लष्करी लिलावातली त्याची चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवरची करवत, सिलिंडर झिजून बंद पडलीय. पुण्याहून थोडा मोठा सिलिंडर आलाय, पिस्टनसकट. वळवानं पाडलेली मेढा रस्त्यावरची झाडं कापायचं काम येत्या सोमवारी सुरू. करवत धाकटा भाऊ सिद्धू चालवणार. सांगलीचा मिस्त्री पंधरा दिवस मागतो. म्हटलं, मी बसवतो. दोनदा विचारलं त्यानं, "मास्तर, तुमी?" भरून आलं असावं.

७ मे.
दवाखान्यात बजावलं लालासाहेबानं, "मास्तर, पिस्टनवर बाण हाय. त्याचं त्वांड सायलेन्सरकडं. लिवून घ्या की." लिहून? चाळीस वर्षं कविता पाठ करून घेतल्या मी! याच लालाला एक ओळ आली नाही म्हणून भर वर्गात अंगठे धरायला लावले होते.
परतताना करंजाच्या सावलीत चार ओळी सुचल्या. त्या मात्र लिहून घेतल्या.

८ मे.
जुना सिलिंडर निघाला. पेट्रोलच्या वासानं लहानपणीची वाईची सर्व्हिस मोटार आठवली. दुपार तिच्यातच गेली. आमची सौ. गोदावरी म्हणे, "माझ्या परातीत नटबोल्ट?" उद्यापासून पाटावर.

१० मे, सकाळी ९.
बाण सापडला. कुणीकडे म्हणाला होता? चाल आठवते, शब्द नाहीत. गोदावरी म्हणे, "जाऊन विचारा. दवाखाना काय फलटणला आहे?" मास्तरानं विद्यार्थ्याला विचारायचं? शुभकार्य पूर्वाभिमुख. ओसरीवर पाट मांडला, बाण पूर्वेला. सोपं होतं.

११ मे.
सिद्धू करवत घेऊन गेला. पाया पडला.

१३ मे.
मेढ्यात अर्धं मिनिट गर्जली म्हणे. मग खडखड, मग काही नाही. काम पलूसच्या टोळीला गेलं. पेट्रोल भेसळीचं असणार.

१४ मे.
पेट्रोल चांगलं होतं. सिद्धूनं उघडून दाखवलं. बाण सायलेन्सरच्या बरोब्बर उलटा. पिस्टनची रिंग अडकून तुटली, नवा सिलिंडर आतून पार ओरखडलाय. सिद्धूनं रिंगचे तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.
दवाखान्यात गेलो. पेट्रोलचं सांगायचं ठरवलं होतं. जमलं नाही. सगळं सांगितलं, पूर्व दिशेसकट.
लालासाहेबानं डाव्या हातानं उशी सरकवली. मग म्हणाला, "आवं मास्तर, मला ओळ येत न्हवती तवा मी गप हुबा ऱ्हायलो. मनानं काय घुसडलं न्हाई."
मी कॉटपाशीच अंगठे धरायला वाकलो. गुडघ्यांपर्यंत पोचलो.
नर्स धावत आली. "आजोबा, काही पडलं का?"