खाऱ्या पाण्यातली पाचवी

गोडादरा, सुरत
३ मार्च १९९७

ती. सौ. उषाताईस,
भूपेंद्रचा सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. दाजींच्या गुडघ्याचं काय झालं ते दर वेळी विचारतो आणि दर वेळी तू भुईमुगाचं लिहितेस. अमळनेरला गुडघे पिकतात का भुईमूग, ते एकदा ठरवून कळव.

वर्षाचं विचारलं आहेस. खोटं कशाला लिहू? काही फरक नाही. गणपतीत दुसरं मूल गेलं तेव्हा निदान रडत तरी होती. आता तेही नाही. दोन्ही वेळा पाचवी पुजायच्या आधीच मूल गेलं, आणि पूजेसाठी आणलेलं सामान दोन्ही वेळा मी शेजारी देऊन टाकलं. आता तिसरं नको, तिच्या जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडते. मी रातपाळी करून येतो तेव्हा रात्रीचा भात झाकलेला तसाच असतो. ती अशीच झिजत जाईल आणि मी नुसता बघत राहीन, अशी मला भीती वाटते, ताई.

पण परवा एक झालं, ते लिहायलाच पत्र घेतलं. आमच्या शेठच्या बंगल्यात समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी होती. मी कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर. पण एकदा त्या टाकीचा हवेचा पंप दुरुस्त करून दिला आणि तेव्हापासून ती माझ्याच गळ्यात पडली. आता कोणा वास्तुवाल्याने शेठना सांगितलं की घरात खारं पाणी असलं की भरभराट आटते. झालं. टाकी आणि तिच्यातली जोकर माशांची जोडी उचलून न्यायला सांगितली. हातगाडीवरून घरी आणली, अर्धी गल्ली मागे. आमच्याकडे आटण्यासारखं काही नाही, तेव्हा ती काळजी नाही.

या माशांचं अंग नारिंगी आणि वर पांढरे पट्टे. टाकीत मी एक कुंडी पालथी ठेवली होती, तिच्यावर त्यांनी परवा अंडी घातली. भिजवलेली मसुराची डाळ चिकटवावी तशी दिसतात. वर्षा आपली आपण उठली, टाकीपाशी येऊन बसली आणि हे काय म्हणून मला विचारलं. मी सांगितलं की यांच्यात अंडी नर राखतो. परांनी वारा घालतो आणि मेलेलं अंडं तोंडाने वेचून टाकतो. तेव्हा तिने विचारलं की मेलेलं आहे हे त्याला कसं कळतं.  ती बोलली, ताई.

दाजींना नमस्कार, हर्षदाला आशीर्वाद. आमच्यावरची माया आहे तशी ठेव.

तुझा
भूपेंद्र


अमळनेर
१२ मार्च १९९७

चि. भूपेंद्र यास,
उषाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

माशांची बाळंतपणं करायला सुरतेला गेला होतास हे आम्हाला आत्ता कळलं. बाबा असते तर म्हणाले असते की एवढ्यासाठी तापीच्या तोंडापर्यंत जायची काय गरज होती. अंडी नर राखतो हे मी मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हापासून तुझे दाजी माझ्याशी जपून बोलत आहेत. गुडघा बरा आहे. भुईमूग बरा नाही.

वर्षा उठून बसली हे वाचून फार बरं वाटलं. पण मोठी बहीण आहे म्हणून लिहिते. ज्याला जीव आहे त्याला मरणही आहे. तिची सगळी आस त्या टाकीत जाऊ देऊ नकोस. आधीच तिच्या वाट्याला काय कमी आलं आहे? त्यापेक्षा चार दिवस तिला इकडे आणून सोड, हर्षदा तिला घटकाभर गप्प बसू द्यायची नाही.

नाही ऐकणार, ठाऊक आहे. लहानपणी मांजराची पिल्लं कणगीत लपवून ठेवायचास, ते काही मी विसरले नाही. जपून राहा, आणि मधूनमधून चार ओळी लिहीत जा.

तुझी
उषाताई


गोडादरा, सुरत
२० एप्रिल १९९७

ती. सौ. उषाताईस,
भूपेंद्रचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. तुझंच खरं होणार असं वाटत होतं, म्हणून लिहायचं धाडस होईना.

पहिली अंडी फुटली आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात काही उरलं नाही. पुढच्या खेपेलाही तेच. पिल्लं पापणीच्या केसाएवढी. त्यांच्या तोंडात जाईल इतकं बारीक खाणं आणायचं कुठून? मोठ्यांना घालतो तो चुरा त्यांच्यापुढे डोंगर होतो. वर्षा पुन्हा भिंतीकडे वळली. मग ओलपाडकडे कोळंबीची तळी आहेत तिथे गेलो, हातापाया पडलो. तिथल्या माणसाने एका बाटलीत हिरवं पाणी आणि दुसरीत डोळ्यांना जेमतेम दिसतील असे जीव दिले. हिरवं पाणी ते जीव खातात आणि त्या जिवांना पिल्लं खातात.

आता घराचा कारखाना झाला आहे. डुमसचा समुद्र म्हणजे नुसता चिखल, म्हणून टेम्पोवाल्या लोटूची मनधरणी करून उभराटहून भरतीचं पाणी आणतो. ते पाणी वर्षा साडीच्या कापडातून गाळते. आमच्याच मागावरचं कापड, तेवढा तरी त्याचा उपयोग. गॅलरीत हिरव्या बाटल्यांची रांग आहे, तीही तीच हलवते. उन्हाळ्यामुळे टाकीला ओलं गोणपाट गुंडाळतो. अनुसया मावशी पलीकडच्या खोलीतून येऊन बसतात आणि टाकीकडे बघत अहिराणीत म्हणतात, मासानं लेकरू बी लेकरूच शे. वर्षा त्यांना चहा करून देते. चहा, ताई. आणि स्वतः जेवते.

आणखी एक शिकलो. ही पिल्लं उजेडाला वेडी असतात. एका बाजूने दिवा दिसला की सगळी तिकडे धाव घेतात, खाणंपिणं सोडून काचेवर डोकं आपटत बसतात आणि तशीच मरतात. म्हणून वेगळ्या छोट्या टाकीला चहूबाजूंनी काळा कागद लावला आहे. वर्षानेच खळ करून तो चिकटवला. वरून तेवढा मंद उजेड येतो.

ओलपाडचा माणूस म्हणतो, पहिला आठवडा निभावला आणि अंगावर पट्टे दिसू लागले की समजायचं जगली. एक तरी जगावं. मला मासे नकोत. तिच्या हातून एक तरी जीव मोठा झाला एवढं तिला दिसावं. देवापाशी तू आमच्यासाठी काही मागत असशील तर हे माग.

तुझा
भूपेंद्र


अमळनेर
२ मे १९९७

चि. सौ. वर्षा हीस,
उषाताईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या नावाने टाकते. भूपेंद्र कामावर असताना टपाल येतं ना? तू जेवायला लागलीस, चहा करतेस हे वाचून मी त्या दिवशी देवाला गुळाचा खडा ठेवला. त्याने पाण्याचं, कागदाचं, उजेडाचं पानभर लिहिलं आहे. त्यातलं मला निम्मं कळलं नाही आणि हर्षदाला तर वाचायचाच कंटाळा.

मला एक सुचतं, हसू नकोस. या खेपेला पिल्लं पाचव्या दिवसापर्यंत टिकली तर त्यांची पाचवी कर. आमच्याकडे गाय व्याली तरी आई वासराची पाचवी पुजायची. पाटा-वरवंटा मांड, कणकेचा दिवा लाव, सटवाईला लिहायला कोरा कागद आणि पेन ठेव. दिवा त्यांच्याजवळ असू दे आणि रात्रभर विझू देऊ नकोस. तुझी दोन्ही लेकरं कोऱ्या कपाळाने गेली, याची रुखरुख मला अजून आहे. नशीब लिहायला सटवाईला तुझ्या दारात एकदा तरी येऊ दे.

भूपेंद्रला बोलू नकोस. तो यंत्रांतला माणूस, फाटे फोडील. बायकांचं बायकांपाशी राहू दे. जिवाला जप.

तुझी
उषाताई


गोडादरा, सुरत
२५ मे १९९७

ती. सौ. उषाताईस,
भूपेंद्रचा सा. न.

पिल्लं गेली. सगळी.

या खेपेला पाच दिवस टिकली होती. इतकी कधीच टिकली नव्हती. वर्षा सकाळी उठल्याबरोबर केसही न विंचरता टाकीत डोकावायची आणि आहेत म्हणून मला खूण करायची. परवा रातपाळीहून आलो तर ती टाकीपाशी जमिनीवर बसलेली. काळ्या कागदाचा एक कोपरा सोलून मागे दुमडलेला. काचेवर काजळी. आणि त्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला, सगळी तळाशी पडलेली, खाणं पलीकडे तसंच तरंगत. पाट्यावर कणकेचा दिवा होता. काय झालं ते मला दारातच कळलं.

हे तिच्या डोक्यात कोणी भरलं देव जाणे. अनुसया मावशींशिवाय कोण असणार? त्यांच्याशी मी बोलणं टाकलं आहे. वर्षाला मी एका शब्दाने दुखावलं नाही. पहाटे लाईट गेली होती, पंप बंद पडला, पिल्लं गुदमरून गेली, असं सांगितलं. पहाटे तिचा डोळा लागला असणार, तिने मान हलवली. दिव्याने गेली हे तिला कळलं तर ती पुन्हा भिंतीकडे वळेल आणि या वेळी परत फिरणार नाही. तेव्हा तुझ्या पायांवर डोकं ठेवून सांगतो, पत्रातून, बोलण्यातून, कधी म्हणजे कधी तिला हे कळू देऊ नकोस. दाजींनाही सांगू नकोस.

जोडी पुन्हा अंडी घालील. नर कुंडी घासून साफ करतो आहे. मी लोटूला पाण्याचं सांगून ठेवलं आहे. कालपासून वर्षा पाणी गाळायला बसते आहे, तेवढाच धीर. तुझ्या हातच्या चार ओळी येऊ देत.

तुझा
भूपेंद्र


गोडादरा, सुरत
८ जून १९९७

ती. सौ. उषाताईंस,
वर्षाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पाकीट मिळालं. चार पानं पाठवलीत. तीन कोरी, आणि चौथ्यावर फक्त माझं चुकलं एवढंच. ताई, तुम्ही मोठ्या आहात, असं लिहू नका. मला लाज वाटते.

यांनी तुम्हाला काय लिहिलं असेल याचा अंदाज आहे. पंप रात्रभर चालू होता. मी जागीच होते, दिव्यात तेल घालायला. दिव्याने गेली हे मला ठाऊक आहे, आणि दिवा लावण्याआधीही ठाऊक होतं. काळा कागद मीच चिकटवला होता, तो कशासाठी हे यांनी मला दहादा समजावून सांगितलं होतं.

तरी दिवा लावला. मनात आलं, कागद लावून बसले तर पिल्लं सटवाईला दिसणार कशी? ती आली नाही तर जगून तरी काय उपयोग? एका रात्रीने काय होतं, असंही वाटलं. मी कोपरा सोलला तशी एक एक करत सगळी दिव्यापाशी आली. मला वाटलं, नशीब लिहून घ्यायला आली. मी त्यांची नावं ठरवायला बसले होते, ताई. किती वेळ मला आनंदच होत होता. मग ती काचेवर आपटत आहेत हे दिसलं. तेव्हा दिवा विझवायला हवा होता. पण पाचवीचा दिवा हाताने विझवायचा कसा? माझे हात पुढे झाले आणि मागे आले. पहाटेपर्यंत तसंच चाललं.

माझी दोघं दिव्यावाचून गेली, ही दिव्याने गेली. आता कुणाला काय विचारायचं?

हे मावशींवर राग धरून आहेत. मावशींची समजूत मी घातली आहे, तुमचं नाव घेतलं नाही आणि घेणारही नाही. अंडी पुन्हा आली आहेत. नर दिवसभर वारा घालतो. हेही उभराटहून पाणी आणतात, डोळे लाल, अंगाला मिठाचे डाग, आणि मी उठून बसले आहे ना हे दारातूनच बघतात. यांना वाटतं माझा जीव त्या टाकीत आहे. माझं तिकडे बघणं संपलं आहे. पण मी पडून राहिले तर यांना सावरणारं कोणी नाही, म्हणून उठते, केस विंचरते, पाणी गाळते. ही पिल्लंही जगणार नाहीत असं मला वाटतं. यांना तसं सांगणार नाही. यांनी मला लाईट गेली म्हणून सांगितलं, मी यांना या खेपेला जगतील म्हणून सांगते.

सटवाईसाठी ठेवलेला कागद सकाळी होता तसाच होता. फेकवेना. घरात दुसरा कागद नव्हता असं नाही, पण हे पत्र त्याच्यावरच लिहिलं आहे. वरच्या कोपऱ्यात तेलाचा डाग दिसेल, तो त्या रात्रीचा.

हर्षदाला पापा. मला विसरू नका, एवढंच मागणं.

आपली
वर्षा