उत्तर न देणारं उपकरण

२ एप्रिल
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. अंतराळयानातल्या वेगवान डेटा नेटवर्कचे नियम ठरवणाऱ्या समितीनं माझी सूचना विचारात घेतली! कॅमेरा एका देशाचा, कॉम्प्युटर दुसऱ्याचा, तरी यानात सगळ्यांनी एकाच रीतीनं बोलायचं, त्याचे हे नियम. माझी सूचना साधी: तीनदा विचारून जे उपकरण उत्तर देत नाही, ते मेलं समजा अन् पुढं चला. मंजूर झाली तर नियमपुस्तकात नाव छापून येईल: प्रा. गजेंद्र, अमरावती. कॉलेजात इतकी वर्षं घसा कोरडा केला, कोणी विचारलं नाही.
समितीची शंका एकच. एकदा विचारल्यावर पुन्हा विचारेपर्यंत किती वेळ सोडायचा? उद्या कळवतो.

७ एप्रिल
एका ओळीचं उत्तर शोभत नाही. वीस पानं तरी पाहिजेत. पण ऊन लय, कूलरचा पंप जळाला, डोकं चालून नाही राहिलं. शकुन माहेरी, अचलपूरले. न्यायले कधी येता, असा तिचा मेसेज. निवांत कळवू.

१३ एप्रिल
समितीचं स्मरणपत्र. काय घाई या लोकांले! शकुननंही पुन्हा विचारलं. दोन्हीकडून टोचणी. थकलो बावा.

१९ एप्रिल
समितीचं आणखी एक. कॉलेजातल्या वर्षाली मॅडम म्हणाल्या, सर, ‘मिळालं, कळवतो’ एवढं तरी टाका. त्यांले काय समजते! शकुनचा फोन आला तेव्हा राजापेठेत पंप शोधत होतो. नंतर केला नाही, झोपली असंल. सात वाजले होते.

२६ एप्रिल
प्रस्तावना झाली. पान दीड. उद्यापासून जोरात.

३० एप्रिल
नियम मंजूर! एकमतानं. वेळेचा आकडा पोलंडच्या एका बाईनं एका ओळीत कळवला, म्हणून नाव तिचं. खाली लिहिलंय, नियम सूचना देणाऱ्यांनाही लागू. तीनदा विचारूनही उत्तर नाही, सबब मले यादीतून काढलं. ‘मिळालं’ असं लगेच कळवलं. मेल परत आली.
संध्याकाळी दारात ऑटो. शकुन, दोन पिशव्या घेऊन, एस.टी.नं एकटीच आलेली. काहून कळवलं नाही, असं मी विचारलं.
“तीनदा विचारलं ना तुमाले. मंग म्हटलं, आपलं आपण निघा.”
लय वाईट वाटलं. तिले नीट शब्दांत सांगावं म्हणून शब्द जुळवत बसलो. तेवढ्यात तिनं विचारलं, चहा घेता काय. मी शब्दच जुळवून राहिलो होतो.
यावेळी तिनं एकदाच विचारलं.