खालनं वर वाचायचा दगड

आये, ह्ये पत्र कुठं टाकायचं न्हाई, मला ठावं हाय. तरी लिवते. तुला एक गोष्ट कुनी सांगितलीच न्हाई.

हिर्डोशीत देवळामागं त्यो वीरगळ हाय न्हवं, लडाईत मेलेल्या कुनाचा तरी दगड, एकावर एक चार चौकटी कोरलेला. त्यो तू वरनं खाली बघायचीस. वर मानूस पिंडीपुढं हात जोडून बसलाय. त्याच्याखाली दोन बाया त्याला दंडाला धरून चालल्यात. मग लडाई. तळाला गाया, आन त्यो आडवा पडलेला. तू म्हनायचीस, देवापाशी हुता, बायांनी वडून खाली आनला, मारला गेला, आन तसाच पडला. आपला दादा तापानं फनफनला तवा एसटी न्हवती. गड्यांनी त्याला डोलीत घालून भोरला न्यायला काढला, आन त्यो वाटंतच गेला. तवापासनं तू त्या तळाच्या चौकटीपाशी नाचनीची भाकर ठिवाया लागलीस. काकी टोचायची, दगडाला भाकर आन घरच्या पोरींना पेज. तू भाकर पदराखाली घिऊन निघायचीस. एकदा मी वैतागले, म्हनलं चल की घरी, गुरं वरडत्यात. तवा तू बोललीस, "त्यो हितं खालीच पडलाय गं. त्याला वर न्यायला कुनी आलंच न्हाई."

त्ये मनात धरूनच तू गेलीस.

परवा भोरचे एक मास्तर आले, असल्या दगडांचे मोबाईलवर फोटो काढत फिरत्यात. ब्रशनं माती झाडली आन मला म्हनले, "आजी, ह्यो खालनं वर वाचायचा. गाया राखताना मेला, अप्सरांनी उचलून वर नेला, आता देवापाशी बसलाय." मी म्हनले, मग आदी सांगाया काय झालं हुतं? ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी चेष्टा करती.

ते गेल्यावर मी दगडापुढं बसले. मला असली रडगानी आवडत न्हाईत, पर बसले. तळापासनं बोट वर वर नेलं. गाया, लडाई, बाया. म्हनलं, आयेला न्हाई जमलं, आपुन तरी दादाला वर नेऊन बसवू. वरच्या मानसाचं तोंड झिजून पार सपाट झालंय, तिथं दादाचं तोंड आनाया गेले.

आये, त्ये मला आठवतच न्हाई.